पाण्यामागून आलेली देवळे : चारठाणा आणि परभणी जिल्ह्यातील बारवा

परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागात, जिंतूर–मंठा रस्त्यालगत वसलेले चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी ओळखले जाते. गोकुळेश्वर, नृसिंह, उकंडेश्वर, जोड महादेव, खुराचा गणपती ही देवस्थाने आणि मोकळ्यावर उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ पाहण्यासाठी अभ्यासक आणि हौशी प्रवासी तेथे जातात, आणि एके काळी या गावात ३६० देवळे व तितक्याच विहिरी होत्या ही आख्यायिका ऐकून परततात. वर्षाच्या दिवसांशी जुळवून घेतलेला हा आकडा मोजदादीतून आलेला नाही हे उघड आहे, कारण महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या गावांविषयी असाच आकडा सांगितला जातो. तरीही या आख्यायिकेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : गावाच्या वैभवाची आठवण सांगताना लोकांनी देऊळ आणि विहीर यांची गणती एका दमात केली आहे. चारठाण्याला जाणारा प्रवासी मात्र बहुधा देवळे पाहतो, त्यांची छायाचित्रे घेतो आणि वेळ उरला तर बारवेत डोकावतो. वास्तविक हा क्रम उलटा असायला हवा, कारण या भागातील जुन्या वस्तीचा नकाशा आधी पाण्याने आखला गेला आणि देवळे त्यामागून आली.

परभणी जिल्हा वाळवंटात मोडत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी त्याला पाणी दिले आहे, त्याची काळी माती कापूस आणि ज्वारीसाठी नावाजलेली आहे, आणि १९७२ साली मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ परभणीत स्थापन झाले. परंतु पावसाचे जवळजवळ सगळे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने माणसांना व गुराढोरांना साठवलेल्या किंवा जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढावे लागतात. पाऊसमान बिघडले की हे आठ महिने वाळवंटाहून निराळे राहत नाहीत. नदीकाठच्या गावांना निदान नदीच्या पात्रात झिरा, म्हणजे वाळूत खणलेला लहानसा खड्डा, काढून पाणी मिळवता येते. जिंतूर तालुक्यासारख्या डोंगराळ भागात, जेथे निर्मळ रांगेच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याचे माळ पसरलेले आहेत, ती सोय नसते, आणि म्हणून तेथे वस्ती करणाऱ्याला पहिला प्रश्न जमिनीच्या पोटातील पाण्याचा पडत असे.

हे पाणी कोठे सापडते याचे उत्तर दख्खनच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून बसाल्ट नावाचा काळा खडक, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला. भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले हे थर वरवर सारखे दिसले तरी पाण्याच्या दृष्टीने सारखे नाहीत : काही थर अखंड, टणक आणि पाणी न शिरू देणारे असतात, तर काही सच्छिद्र, भेगाळलेले किंवा झिजून मुरूम झालेले असतात आणि त्यांत पावसाचे पाणी मुरून राहते. मुरलेले पाणी खाली जाता जाता टणक थरापाशी अडते आणि आडवे सरकू लागते. टेकडीच्या उतारावर असा सांधा उघडा पडला की तेथे झरा फुटतो, आणि सपाटीला तो उघडा पडत नसल्यामुळे त्याच्यापर्यंत खणत जावे लागते. असा ओलावा ज्या जागी हाताच्या अंतरावर आला, तेथे गावाची पांढरी, म्हणजे घरांसाठी राखलेली जागा, ठरली आणि तिच्याभोवतीची काळी, म्हणजे शेतजमीन, नांगराखाली आली. नव्या गावाची वसाहत करणाऱ्यांना खडकाचे हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण उंबराचे झाड, उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत आणि वारुळांच्या जागा यांवरून पाण्याचा अदमास बांधण्याची रीत त्यांच्यापाशी होती. वराहमिहिराने सहाव्या शतकातील आपल्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात अशा खुणांसाठी 'दकार्गल' हा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातील सगळेच ठोकताळे आजच्या भूजलशास्त्राला मान्य होणार नाहीत, परंतु खोल मुळांची झाडे जमिनीतील पाण्याचा पत्ता देतात एवढे निरीक्षण आजही टिकून आहे.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. साध्या आडात, म्हणजे उभ्या अरुंद विहिरीत, पोहरा सोडून पाणी ओढावे लागते. बारवेत माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरतो. हा फरक केवळ सोयीचा नाही. भाद्रपदात जे पाणी काठापासून चार पायऱ्यांवर असते ते वैशाखात चाळीस पायऱ्या खाली जाऊ शकते, आणि पाणी कोणत्याही पातळीला असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचता यावे यासाठी पायऱ्यांची ही रचना केलेली असते. वास्तुशास्त्रावरील जुन्या ग्रंथांनी बारवांची विभागणी त्यांना किती बाजूंनी प्रवेश आहे यावरून केली : एका प्रवेशाची ती नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चारही बाजूंनी उतरता येणारी विजया. 'अपराजितपृच्छा' या ग्रंथात आलेली ही नावे गावकऱ्यांच्या बोलण्यात कधी नव्हती. गावाने आपल्या बारवेला देवाच्या किंवा ती बांधवणाऱ्याच्या नावाने ओळखले, किंवा नुसते 'बारव' म्हटले. देवळासमोरील चौकोनी, सर्व बाजूंनी पायऱ्या असलेल्या जलाशयाला पुष्करणी किंवा कुंड म्हणण्याचाही प्रघात आहे, आणि प्रत्यक्षात या दोहोंमधील सीमारेषा पुसटच राहते.

चारठाण्याची मंदिरे ज्या शैलीत आहेत तिला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दप्तराचा आणि कारभाराचा प्रमुख अधिकारी होता, आणि महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या दोन राजांच्या कारकिर्दीत त्याने हे पद सांभाळले. त्याच्या नावावर जमा केलेली कितीतरी मंदिरे त्याच्या जन्माआधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या किंवा आरंभीच्या यादवांच्या काळातील आहेत, त्यामुळे हेमाडपंती हा शब्द व्यक्तीचा निर्देश न मानता बांधणीचा प्रकार मानणे योग्य ठरते. हेमाद्रीचा पाण्याशी खरा संबंध वेगळ्याच बाजूने येतो. त्याने रचलेल्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथात दानाचे सविस्तर विवेचन आहे, आणि विहिरी, तळी खणणे, झाडे लावणे, अन्नछत्रे घालणे या लोकोपयोगी कामांना धर्मशास्त्रात पूर्त असे नाव असून त्यांचे पुण्य यज्ञाच्या पुण्याशेजारी ठेवलेले आहे. राजा, सामंत, व्यापारी आणि राजघराण्यातील स्त्रिया बारवा का बांधत, याचे उत्तर या पुण्यकल्पनेत बऱ्याच अंशी सापडते. उरलेले उत्तर व्यवहारात आहे. देवगिरीकडून औंढा नागनाथ आणि नांदेड यांच्या दिशेने येताना चारठाण्याचा टापू वाटेत येतो, आणि बैलांच्या तांड्याला किंवा यात्रेकरूंच्या जथ्याला मुक्काम करायचा तर पाणी लागणारच, तेव्हा जेथे पाण्याची खात्री तेथे मुक्काम, जेथे मुक्काम तेथे बाजार आणि जेथे बाजार तेथे देऊळ बांधण्याइतका पैसा, असा हा सरळ हिशेब आहे.

आजच्या चारठाण्यात हा हिशेब गल्ल्यांमधून हिंडताना उलगडत जातो. शिल्पखंड केवळ देवळांपुरते राहिलेले नाहीत. ते पारांवर मांडलेले दिसतात, जोत्यांत बसवलेले दिसतात, आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, जुन्या घरांच्या शेजारी एखादा कोरीव स्तंभ सहज पडून असतो. उघड्यावरील उंच स्तंभाला गावकरी दीपमाळ म्हणतात, तर तो कीर्तिस्तंभ असावा किंवा जैन परंपरेतील मानस्तंभ असावा असेही मत मांडले गेले आहे. जिंतूरजवळील नेमगिरीची जैन लेणी लक्षात घेतली तर हे दुसरे मत चटकन बाजूला टाकता येत नाही. गोकुळेश्वराच्या मंदिराशी बारव जोडलेली आहे, आणि पाहणाऱ्याने थोडा वेळ काढून उभे राहावे अशी जागा हीच. देवळाचा सभामंडप, त्यातील खांब आणि द्वारशाखेवरील, म्हणजे दरवाजाच्या चौकटीवरील, कोरीवकाम यांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु देवाचे स्नान, पूजेचे पाणी, यात्रेकरूंचे पाय धुणे आणि गावाचे पिणे या सगळ्यांचा आधार ही बारव होती, आणि तिच्याविना हे देऊळ याच जागी उभे राहण्याचे कारण उरले नसते.

बांधणी जवळून पाहिली तर बारवेतील कारागिरी देवळापेक्षा कमी वाटत नाही, किंबहुना अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती अधिक अवघड आहे. देवळाच्या भिंतीला फक्त स्वतःचा आणि वरच्या छपराचा भार पेलायचा असतो, तर बारवेच्या भिंतीला मागच्या जमिनीचा रेटा सोसावा लागतो, आणि पावसाळ्यात फुगलेली काळी माती व तिच्यात साठलेले पाणी यांमुळे हा रेटा कितीतरी वाढतो. यादवकालीन गवंड्यांनी येथे चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत अडकवले : एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि वरच्या थराचे वजन खालच्या थराला जागेवर दाबून धरणारे. चुन्याने बंद केलेली भिंत मागच्या पाण्याला अडवून धरते आणि शेवटी त्या दाबाने फुगते. कोरड्या सांध्यांची भिंत पाण्याला झिरपू देते, दाब साठू देत नाही आणि शिवाय ते झिरपलेले पाणी बारवेतच जमा करते. म्हणजे जी भिंत माती रोखते तीच गाळणीचेही काम करते. या भिंतींत ठरावीक उंचीवर देवकोष्ठे, म्हणजे मूर्तीसाठी ठेवलेले कोनाडे, असतात. पाणी खाली गेले की एकेक कोनाडा उघडा पडतो, आणि अमुक देवाचे पाय बुडाले आहेत की उघडे आहेत एवढ्यावरून गावाला पाण्याची पातळी सांगता येते.

अशा बारवांमध्ये परभणी जिल्ह्यातील सर्वांत आगळी बारव वालूरची. सेलू तालुक्यातील हे गाव वाल्मीकी ऋषींच्या नावाशी जोडले जाते, पण अलीकडच्या काळात त्याची ओळख बनली आहे ती तेथील चक्राकार बारवेमुळे. बहुतेक बारवांत पायऱ्या सरळ रेषेत उतरतात किंवा चौकोनाच्या चारही बाजूंनी आत येतात. वालूरला त्या मध्याभोवती वळत, भोवऱ्याच्या गतीने खाली जातात, आणि वरून पाहणाऱ्याला दगडच फिरत असल्याचा भास होतो. अशी रचना महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ आहे. केवळ नवलाईसाठी ती केली असे म्हणणे गवंड्यावर अन्याय करणारे होईल, कारण वर्तुळाकार भिंतीवर मातीचा रेटा सर्व बाजूंनी सारखा येतो आणि कमानीप्रमाणे ती भिंत स्वतःलाच आवळून धरते, तर चौकोनाच्या सरळ भिंती मध्यावर फुगण्याचा धोका कायम राहतो. वालूरची बारव गाळाने आणि झाडाझुडपांनी भरून गेली होती, आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीची पिंगळेश्वराजवळची बारव आणि आर्वीची बारव याही याच मालिकेतील आहेत. मात्र सौंदर्याची तुलना करायची तर वालूरला तोड नाही.

पाण्याभोवती वस्ती होते एवढे म्हणून थांबले तर विषय अर्धाच सांगितला जातो, कारण पाण्याभोवती वस्ती झाली की पाण्यावर मालकीही येते. या दृष्टीने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका ठिकाणाशी चारठाण्याची तुलना बोधक ठरेल. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या उत्तर सीमेवरील कोरड्या पठारावर पाइप स्प्रिंग नावाचा झरा आहे. वालुकाश्माच्या कड्याखाली, भूस्तराच्या भंगरेषेपाशी तो फुटतो, आणि मैलोन्‌मैल दुसरे भरवशाचे पाणी नसल्यामुळे कैबाब पायूट या आदिवासी जमातीचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या आधाराने चालत आले होते. १८६३ मध्ये जेम्स व्हिटमोर या गुरेपालकाने तेथे ठाण मांडले. तो मॉर्मन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा, अनुयायी होता. १८६६ साली गुरे पळवणाऱ्या टोळीशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. पुढे पंथाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याच्या आदेशावरून १८७० पासून त्या जागी किल्लेवजा वास्तू उभारली गेली, जिला तिचा पहिला व्यवस्थापक ॲन्सन विन्सर याच्या नावावरून विन्सरचा गड म्हणू लागले. समोरासमोर दोन दुमजली दगडी इमारती, मध्ये चौक, दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे आणि भिंतींत बंदुकीसाठी जंग्या अशी ती होती, आणि तिचे वैशिष्ट्य हे की ती झऱ्यावरच बांधली होती, जेणेकरून पाणी तटाच्या आत निघावे आणि खालच्या खोलीतून वाहत जावे. त्या थंड खोलीत दूध आणि चीज टिकवले जाई. १८७१ मध्ये तेथे तारघर आले, जे त्या प्रदेशातील पहिले होते.

आज तेथे जाणाऱ्या प्रवाशाला धाडसी वसाहतकारांची कथा ऐकायला मिळते, आणि ती खोटी नाही; पण झऱ्यावर दरवाजा बसला त्या दिवसापासून पायूट लोक आपल्याच पाण्याला पारखे झाले, आणि ज्या गवताचे बी ते खात ते गवत वसाहतवाल्यांच्या गुरांनी फस्त केले, हा त्याच कथेचा दुसरा भाग आहे. १९०७ मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र ठरवण्यात आले, तेव्हा ते जेमतेम तग धरून होते. ३१ मे १९२३ रोजी पाइप स्प्रिंग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. योगायोगाने त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, ज्याने सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात असे म्हटले.

चारठाण्याच्या बारवेला तट नाही, दरवाजा नाही, आणि जंग्या तर नाहीतच. परंतु मराठी गावाने पाण्याभोवती जी भिंत घातली ती दगडाची नव्हती. बारवेत उतरून पाण्याला हात लावायचा ही तिची सगळी योजना असल्यामुळे कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते हा प्रश्न आडापेक्षा बारवेवर अधिक तीव्र झाला, आणि ज्यांना उतरण्याची बंदी होती त्यांनी काठाशी थांबून कोणी तरी वरून पाणी घालील याची वाट पाहावी, असा शतकानुशतकांचा शिरस्ता पडला. बोले यांच्या ठरावाची अंमलबजावणी कागदावर राहिली म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे तो ठराव येथे लागूही नव्हता. संस्थान भारतात विलीन झाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट सर्वांना खुले केले, आणि तरीही १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ घेऊन महाराष्ट्रातील खेडी पालथी घालावी लागली. बारवांवरील अलीकडच्या लेखनात हा भाग फारसा येत नाही. शिल्पांची वर्णने आणि राजांची नावे त्यांत भरपूर असतात, पण या पायऱ्या कोण उतरत होते आणि कोण उतरू शकत नव्हते हे विचारल्याशिवाय बारवेचा इतिहास पुरा होत नाही.

बारवा ओस पडल्या त्याला मात्र सामाजिक सुधारणा कारणीभूत नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नारू या रोगाच्या भीतीने पायऱ्यांच्या विहिरी संशयाच्या झाल्या, आणि त्यात तथ्यही होते. नारूची अळी पाण्यातील सूक्ष्म जिवांतून माणसाच्या पोटात जाते आणि वर्षभराने बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागते, तेव्हा रोगी पाण्यात उतरला की पुन्हा पाण्यात पिल्ले सोडते. म्हणून जेथे माणूस पाण्यात पाय घालतो तेथे हे चक्र फिरत राहते. नारूच्या निर्मूलनासाठी देशभर कितीतरी पायविहिरी बंद केल्या गेल्या किंवा त्यांचे रूपांतर साध्या विहिरींत केले गेले, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. दुसरा घाव १९७२ च्या दुष्काळानंतर बसला. खडक फोडणारी यंत्रे गावोगाव आली, विंधनविहिरी म्हणजे बोअर पडू लागले, आणि जे पाणी उथळ थरांतून बारवेत झिरपत असे ते त्यांच्या भेगांवाटे अधिक खोल ओढले गेले. नळ आल्यावर बारवेची गरजच संपली असे गावाला वाटले आणि ती निर्माल्य, प्लास्टिक व विसर्जनाच्या मूर्ती टाकण्याची जागा झाली. कोरड्या सांध्यांत पिंपळाने मूळ धरले, आणि चुना नसलेल्या भिंतीला जे पाणी शतकानुशतके हलवू शकले नाही ते त्या मुळाने काही वर्षांत करून दाखवले.

अलीकडे चित्र थोडे पालटले आहे. राज्यभर बारवा शोधून त्यांची नोंद करणारे, गाळ काढणारे आणि महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावणारे गट उभे राहिले. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातील आठ बारवांची चित्रे असलेली पोस्टकार्डे काढली आणि त्यांत परभणी जिल्ह्यातील बारवांना ठळक स्थान मिळाले, वालूर त्यांपैकी एक. हे स्वागतार्ह असले तरी दीपोत्सवाने बारव वाचत नाही. ती वाचते ते तिच्यात पाणी राहिले आणि त्या पाण्यावर कोणाचे तरी रोजचे काम अडले तर. पाणी शुद्ध करून पिण्यास घ्यावे असा आग्रह धरण्याची गरज नाही. गुरांना, शेजारच्या रोपवाटिकेला किंवा देवळाच्या आवाराला ते वापरात आले तरी गाळ काढायला माणसे आपणहून येतात. उलट, नुसती दर्शनीय करून सिमेंटने सांधे भरलेली बारव लवकर ढासळते, कारण सिमेंट झिरपणे थांबवते आणि भिंतीमागचा दाब वाढवते. दुरुस्तीच्या उत्साहात ही चूक अनेक ठिकाणी झाली आहे आणि ती पुराणवस्तूच्या जाणकाराला विचारल्याने टळण्यासारखी आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले आणि पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली, त्या मराठवाड्यातच शेकडो बारवा गाळाखाली होत्या. त्या सगळ्या मोकळ्या केल्या असत्या तरी एका शहराची तहान भागली नसती, हेही तितकेच खरे. खेड्याच्या मापाची ही व्यवस्था आहे आणि तिच्याकडून शहराची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. मात्र खेड्याच्या मापाने पाहिले तर तिची उपयुक्तता संपलेली नाही. भूजलासंबंधी राज्याच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास मनाई केली, आणि त्यामागील तत्त्व, म्हणजे जुन्या सामाईक पाण्याच्या तोंडचे पाणी कोणा एकाच्या बोअरने पळवू नये हे, बारवेला जसेच्या तसे लागू पडते.

चारठाण्याला आणि वालूरला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सेलू आणि परभणी ही मनमाड–काचीगुडा मार्गावरील स्थानके सोयीची आहेत, आणि दोन्ही गावे एका दिवसात पाहून होतात. दिवाळीच्या सुमारास गेल्यास बारवा भरलेल्या दिसतील, पण त्यांची बांधणी, देवकोष्ठे आणि खालच्या पायऱ्या पाहायच्या असतील तर चैत्र-वैशाखातील सकाळची वेळ गाठावी. पायऱ्यांवर शेवाळ असते, कठडे नसतात, म्हणून लहान मुलांना हात धरूनच उतरवावे. पाण्यात फूल, नाणे किंवा निर्माल्य काहीही टाकू नये. आणि गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला देवळाचा काळ विचारण्याऐवजी बारवेचे पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीला असायचे ते विचारावे, जमल्यास लिहूनही घ्यावे. भूजलाच्या सरकारी नोंदी काही दशकांपलीकडे जात नाहीत, आणि त्याआधीची माहिती असलीच तर ती याच लोकांपाशी आहे.